खिशातला नमस्कार

मुलांनो,

महिन्याभरापूर्वी या सदरात मी तुम्हाला एक काम सांगितलं होतं, आठवतं ना? 'आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट मला पत्रातून कळवा.' तुम्ही तर पत्रांचा पाऊसच पाडलात! कुणी लोणच्याची बरणी फोडून मांजराचं नाव पुढं केलं होतं. कुणी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही स्वतःच ठोकली होती. (त्या वीराला एवढंच सांगतो, बाबा स्वतःच्या नावातली वेलांटी सहसा चुकवत नाहीत!)

एक पत्र मात्र माझ्या टेबलावर बरेच दिवस तसंच पडून राहिलं. उत्तरच सुचेना. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, खाली नाव नाही की गाव नाही. 'नाव छापू नका' असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. या पठ्ठ्यानं नाव लिहायचीच जोखीम घेतली नव्हती.

तो सातवीत आहे. त्याच्या शाळेच्या वाटेवर एका झाडाखाली शेंदूर लावलेला देव आहे. लहानपणी तो आजीचं बोट धरून शाळेत जायचा. तिथं आलं, की आजी चप्पल काढून हात जोडायची आणि तोही जोडायचा. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. आता तो मित्रांबरोबर शाळेत जातो. एकदा सवयीनं त्याचे हात जोडले गेले, तर मागून कुणीतरी ओरडलं, ''आले बघा महाराज!'' सगळे हसले. तेव्हापासून त्यानं एक युक्ती काढली आहे. झाड आलं, की तो उजवा हात खिशात घालतो आणि आतल्या आत अंगठा नि बोटं जुळवतो. बाहेर गप्पा चालू, आत नमस्कार चालू. कुणाला पत्ता लागत नाही. शेवटी त्यानं विचारलंय, 'सर, यात मी देवाला फसवतो का मित्रांना?'

मुलांनो, हे वाचलं आणि माझा हात आपोआप कॉलरकडं गेला.

त्याचं असं झालं. आमचं घर वारकऱ्यांचं. मी सहावीत असताना पंढरपूरला माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली, की अंडं-मटण बंद आणि एकादशी चालू. गावात यात काही विशेष नव्हतं, माझ्यासारखे माळकरी घरोघरी होते. पुढं डी.एड.ला गेलो. वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चौघं. पहिल्याच रात्री एकानं दुसऱ्या कुणा माळकऱ्याची नक्कल केली, ''हा मास्तर होणार का बुवा होणार?'' सगळे हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवसापासून सदऱ्याचं वरचं बटण लावायला लागलो. आपल्या मराठवाड्यातला मे महिना, अंगाची नुसती काहिली होते, आणि हा शहाणा गळ्यापर्यंत बटणं लावून हिंडतोय!

शनिवारी रात्री मुलं आमलेटच्या गाड्यावर जायची. मी सांगून टाकलं, की अंड्यानं माझ्या अंगावर पित्त उठतं. एक खोटं बोललं, की त्याला सांभाळायला आणखी चार लागतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकदा आमच्यातला एक जण सुट्टीवरून परत आला तो हातात मलमाची ट्यूब घेऊन. ''आमच्या गावच्या डॉक्टरांना विचारून आणलीय, पित्तावर लई चांगली हाय,'' म्हणाला. स्वतःच्या खर्चातून आणली होती. ती ट्यूब मी शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवली. ट्रंक उघडली, की ती दिसायची. त्या माळेची मला कधी लाज वाटली नव्हती. त्या ट्यूबची वाटायला लागली.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात आम्ही चौघं भेटलो, तेव्हा मी हे सगळं कबूल केलं. तर दोघं एकदम म्हणाले, ''अरे, तुझी माळ आम्ही पहिल्याच आठवड्यात बघितली होती. अंघोळीला काय बटणं लावून जात होतास का?'' मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, ''तुला सांगायचं नव्हतं, म्हणून आम्ही विचारलं नाही.'' म्हणजे ज्यांच्या भीतीनं मी घामाघूम झालो, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांचं काही म्हणणंही नव्हतं. फसला तो एकटा मलम आणणारा. आणि तो माझ्यावर सगळ्यात जास्त माया करणारा होता.

तुमच्या पत्रांत याच्या अगदी उलट्या टोकाचंही एक पत्र होतं. एक मुलगी लिहिते, की घरी आरती सुरू झाली, की तिला काहीच वाटत नाही. आजूबाजूचे सगळे तल्लीन होतात आणि ही मनात उद्याच्या डब्याचा विचार करत असते. 'पण मी हात जोडून डोळे मिटते, कारण आईला कळलं तर ती रडेल.' बघा कशी गंमत आहे. एकाला हात जोडावेसे वाटतात, तो लपवतो. एकीला वाटत नाहीत, ती जोडते. आणि दोघांनाही भीती एकच. लोक काय म्हणतील?

ही भीती लहानांनाच असते असं समजू नका. आता तुम्हाला एका व्याकरणकाराची गोष्ट सांगतो. पळू नका, क्रियापद विचारणार नाही!

दादोबा पांडुरंग तर्खडकर (1814 ते 1882) हे नाव तुमच्या मराठीच्या बाईंना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. त्यांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक 1836 साली निघालं. पेशानं ते शिक्षक. सुरतेला असताना 1844 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मानवधर्म सभा काढली. पुढं मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा स्थापन झाली. ईश्वर एकच आहे, सगळी माणसं त्याची लेकरं आहेत, मग जातपात कशाला, मूर्तीची पूजा कशाला, असं या मंडळींचं मत होतं. वेगवेगळ्या जातींची शिकली-सवरलेली माणसं तिथं जमायची, प्रार्थना करायची, एकत्र खायची. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. आपण चहात बुडवून खातो तो साधा पाव हो! पण त्या काळी हिंदू घरात एवढ्यावरून आकाश कोसळत असे.

आणि हे सगळं चालायचं गुपचूप. सभा गुप्त, सभासदांची नावं गुप्त. संध्याकाळी सभेत जात मोडायची आणि घरी आल्यावर मुकाट्यानं सोवळ्यात जेवायला बसायचं. दादोबांनी या विचारांवर 'धर्मविवेचन' नावाचं पुस्तक लिहिलं, ते 1868 मध्ये छापून आलं तेसुद्धा टोपणनावानं. ज्यानं साऱ्या मराठी मुलुखाला नाम म्हणजे काय ते शिकवलं, त्यानं आपलंच नाम झाकून ठेवलं.

पुढं 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली. त्यात सभासदांची नावं होती. आता ती बाहेर फुटणार, या धास्तीनं सभा मोडली. अकरा वर्षं जपलेली गोष्ट अशी विस्कटली.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, ''भित्रे होते सर.'' थांबा. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. घराशी रोटीबेटी बंद. न्हावी येणार नाही, भटजी येणार नाही. मुलीचं लग्न जमणार नाही. घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं मिळणार नाहीत. आज 2016 च्या कायद्यानं महाराष्ट्रात असा बहिष्कार घालणं हा गुन्हा आहे, तेव्हा तसं काही नव्हतं. म्हणून त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मीही एका आमलेटच्या गाडीला घाबरलेला माणूस आहे.

हळहळ वाटते ती निराळीच. त्यांच्यातलेच एक, बाबा पदमनजी, त्यांनी 1854 मध्ये उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढं 1857 मध्ये त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली, ती आपण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखतो. आणि सभा मोडल्यानंतर सातच वर्षांनी, 1867 मध्ये, मुंबईतच प्रार्थना समाज उघडपणे सुरू झाला. स्थापन करणाऱ्यांत होते डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे आपल्या दादोबांचे सख्खे धाकटे भाऊ! ईश्वर एक, माणसं सारखी, हे थोरल्यानं दार लावून म्हटलं होतं, तेच धाकट्यानं दार उघडून म्हटलं. गिरगावात त्या भागाला आजही 'प्रार्थना समाज' म्हणतात. मग वाटतं, गुप्त सभेच्या अकरा वर्षांत आजूबाजूला आपल्यासारखा विचार करणारी आणखी किती माणसं आहेत, हे त्या बिचाऱ्यांना कळलंच नसेल. प्रत्येक जण आपापल्या घरात बटणं लावून बसलेला.

आता मुंबईहून आमच्या तेरला चला. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे, मी इथंच शिकवतो. फार जुनं गाव. याचं प्राचीन नाव तगर, आणि दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचच्या बंदरात जायचा. गावात शंकराचं उत्तरेश्वराचं देऊळ आहे, जैनांचं देऊळ आहे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ तर असं, की ते मुळात बौद्धांचं चैत्यगृह असावं असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे आमच्या गावच्या मातीनं किती प्रकारचे नमस्कार पाहिलेत, त्याची गणतीच नाही. पण तेर म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी येतं ते संत गोरोबाकाकांचं नाव. गोरोबा कुंभार होते. शके 1239, म्हणजे इ. स. 1317 च्या चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी समाधी घेतली असं मानतात. त्या तिथीला इथं मोठी यात्रा भरते.

गोरोबाकाकांची मडक्यांची परीक्षा तुम्ही ऐकली असेल. सगळी संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. कोपऱ्यात थापटी पडलेली. मुक्ताबाईनं विचारलं, ''काका, हे काय?'' काका म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मुक्ताबाई म्हणाली, मग आम्हीही मडकीच की, बघा बरं आमच्यात कच्चं कोण ते! काकांनी थापटी उचलली आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांपाशी आले, तर नामदेव रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे! सगळ्यांच्या देखत! विठ्ठलाचा लाडका भक्त, त्याला किती लागलं असेल?

वर्षानुवर्षं मी ही गोष्ट वर्गात परीक्षेच्या निकालासारखी सांगत होतो. पक्के पास, कच्चा नापास.

मग एका वर्षी चौथीच्या मुलांना घेऊन कुंभारवाड्यात गेलो. तिथले आजोबा मडकं घडवत होते. चाकावरून उतरवलेलं मडकं जाड असतं, ते थोडं सुकू देतात. मग एक हात मडक्याच्या आत घालतात, त्या हातात दगडाचा गुळगुळीत गोळा धरलेला असतो, आणि बाहेरून लाकडी थापटीनं ठोकत जातात. ठप ठप ठप. आत गोळा, बाहेर थापटी, मधली माती पातळ आणि गोल होत जाते. आमच्या वर्गातली एक चिमुरडी म्हणाली, ''आजोबा, फुटत नाही का हो?''

''आतून हात हाय की बाय,'' आजोबा म्हणाले. ''हात काढून नुसती थापटी हाणली तर बसंलच ते.''

''मग भट्टीतून काढल्यावर परत मारता का थापटी?''

आजोबा हसले. ''भाजल्यालं मडकं बोटानं वाजवून बघत्यात. थापटी असती ती कच्च्याचीच.''

मी वही काढून ते लिहूनच घेतलं. थापटी कच्च्याचीच! गोरोबाकाका हाडाचे कुंभार, त्यांना हे ठाऊक नसेल? मग कच्चं म्हणाले, त्यात मडक्याचा अपमान कसा? अजून भाजायचं आहे, अजून आकार देता येतो, एवढंच ते. (माझा हा अर्थ कीर्तनकार बुवांना पटेलच असं नाही. त्यांनी रागावू नये, शाळामास्तरांना अर्थ काढायची खोडच असते.) नामदेव रुसून पंढरपूरला गेले खरे, पण घरात लपून बसले नाहीत. तिथून औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. पुढं पार पंजाबात पोचले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, आणि त्यांच्या आठवणीसाठी 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं होतं.

तर 'आले बघा महाराज' म्हणणाऱ्या दोस्तांनो, तुमच्यातला कुणीतरी हे वाचत असेल. तुम्ही मारली तीही थापटीच. तुम्हाला वाटलं, नुसती गंमत. पण आत हात कुठं होता?

आणि पालकहो, एक परिच्छेद तुमच्यासाठी. मुलांनी वाचला तरी चालेल, ती वाचणारच. घरी पाहुणे आले, की आपण मुलाला पुढं ओढतो, ''श्लोक म्हणून दाखव बरं.'' त्याला येत असतो, पण त्या क्षणी ती प्रार्थना राहत नाही, तोंडी परीक्षा होते. आणि जेवताना आपण शेजारच्यांच्या उपासावर, त्यांच्या बुवावर, कुणाच्या रोज्यावर, कुणाच्या नास्तिकपणावर सहज बोलून जातो. लेकरू भाकरी मोडता मोडता ऐकत असतं. या घरात काय बोललं तर हसतात, हे त्याला पाचव्या-सहाव्या वर्षी पक्कं ठाऊक असतं. मग एखादी मुलगी आरतीत काही वाटत नाही, हे आईला सोडून मासिकातल्या परक्या माणसाला कळवते. त्या आईनं हे वाचलं आणि ओळखलं, तर माझी विनंती आहे, ताई, रडू नका. तिला जवळ घ्या आणि डब्यात काय हवंय ते विचारा.

मीही काही कमी नाही. एकदा परिपाठाच्या वेळी एक मुलगा डोळे उघडे ठेवून प्रार्थना म्हणत होता. मी सगळ्यांसमोर ओरडलो, ''डोळे मीट!'' त्यानं मिटले. नंतर वर्गात हळूच जवळ येऊन म्हणाला, ''सर, आमच्यात डोळे उघडेच ठेवत्यात.'' त्याच परिपाठात रोज आम्ही संविधानाची उद्देशिका म्हणतो. श्रद्धा आणि उपासना यांचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, असं तिच्यात लिहिलंय. मुलांना ती तोंडपाठ आहे. मलाही होती! तेव्हापासून मी 'डोळे मिटा' म्हणत नाही, 'शांत उभे राहा' म्हणतो.

आता सातवीतल्या माझ्या बिननावाच्या मित्रा, तुझं उत्तर राहिलंय.

देवाला फसवतोस का, हे मी सांगू शकत नाही. मी प्राथमिक शिक्षक आहे, तेवढा माझा अधिकार नाही. पण मला वाटतं, तू कुणालाच फसवत नाहीस. आपल्या मनातली प्रत्येक गोष्ट चारचौघांत मांडायचं बंधन कुणावर नाही. काही जणांना एकट्यानंच नमस्कार करायला आवडतो, ते मुद्दाम पहाटे उठून देवळात जातात. तुला खिशातला नमस्कार आवडत असेल तर खुशाल खिशातच कर. पण तू मला रात्री जागून दोन पानं लिहिलीस. त्यावरून वाटतं, की तुला तो तिथं ठेवायचा नाहीये.

मग सगळ्या टोळक्याला सांगायला जाऊ नकोस. त्यातला एक निवड. कधीतरी तो एकटाच तुझ्याबरोबर असेल, त्या दिवशी झाडापाशी थांब. 'एक मिनिट थांब रे' एवढंच म्हण. हसला तर हसला. न हसण्याची शक्यता किती, ते माझ्या खोलीतल्या मित्रांवरून ओळख.

आणखी एक. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात देवाबद्दल दोन ओळी आहेत. आजीबद्दल सगळं आहे. तिची चप्पल, तिचं बोट, झाडापाशी आल्यावर तिचं पदर सारखा करणं. त्या झाडापाशी तुला देव भेटतो का आजी भेटते, हे मला नीटसं कळलं नाही. कदाचित तुलाही कळलं नसेल, आणि कळायची घाईही नाही. मित्रानं विचारलं, तर आजीपासून सुरुवात कर.

तुझ्या पत्रावर पत्ता नाही, म्हणून हे उत्तर सगळ्यांच्या देखत इथं छापावं लागलं, माफ कर. पुढच्या पत्रात तुझं नाव नसलं तरी चालेल. आजीचं मात्र लिही.